दुसरा साप मोठा हवा आहे, पण किती मोठा?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: गेली चार वर्षे माझ्याकडे कॉर्न स्नेक या लहान, बिनविषारी सापाची एक मादी आहे. ती नीट खाते, अखंड कात टाकते आणि हातात शांत राहते. आता मला सापांची बऱ्यापैकी समज आली आहे, म्हणून दुसरा साप 'खरोखर मोठा' घ्यावा असे वाटते. एका ब्रीडरकडे रेटिक्युलेटेड अजगराचे पिल्लू पाहून ठेवले आहे. ते 'ड्वार्फ' वंशाचे असल्यामुळे फार वाढणार नाही, असे तो म्हणतो. त्याला पंधरा दिवसांत कळवायचे आहे. पिलापासून सांभाळले तर अजगर माणसाळेल, खाणे बेताचे ठेवले तर आकार आटोक्यात राहील आणि जागा कमी असल्याने दोन्ही साप एकाच मोठ्या पेटीत ठेवता येतील, असा माझा विचार आहे. एका मित्राने बोआ, म्हणजे अजगरासारखाच विळखा घालणारा जाड साप, सुचवला, पण तो मला अर्धवट मोठा वाटतो. घरी पत्नी आणि चार वर्षांचा मुलगा आहे. पत्नीची हरकत नाही, मात्र ती सापाला हात लावणार नाही. कामासाठी दर महिन्याला काही दिवस मी बाहेर असतो. मी मोठ्या सापासाठी तयार आहे का? नसेन तर काय शिकायला हवे?

उत्तर:

तुम्ही पिल्लू घरी आणण्याआधी पत्र लिहिले, याचा मला मनापासून आनंद झाला. या विषयावरची पत्रे बहुधा उशिरा येतात. तोवर साप तीन मीटरचा झालेला असतो, पेटी अपुरी पडलेली असते आणि 'आता याचे काय करायचे' एवढाच प्रश्न उरलेला असतो. तुमच्या हातात अजून सगळे पर्याय आहेत, म्हणून मी सविस्तर लिहितो आहे.

चार वर्षांच्या तुमच्या अनुभवाला मी कमी लेखणार नाही. पेटीच्या एका टोकाला ऊब आणि दुसऱ्या टोकाला गारवा कसा राखायचा, थर्मोस्टॅटवर डोळे झाकून विश्वास का ठेवायचा नाही, कात टाकण्याआधी डोळे दुधाळ झाले की सापाला एकटे का सोडायचे आणि त्याने एखादे जेवण नाकारले तर घाबरून न जाता वाट कशी पाहायची, हे तुम्हाला येते. हे ज्ञान कोणत्याही जातीला उपयोगी पडेल. पण 'मी तयार आहे का' या तुमच्या प्रश्नामागे असे गृहीत आहे की लहान साप ही पहिली इयत्ता, मध्यम साप ही दुसरी आणि महाकाय साप ही शेवटची. सापांच्या संगोपनात अशी चढण नसते. पंचवीस वर्षे कॉर्न स्नेक सांभाळणारा माणूस अतिशय जाणकार असू शकतो, आणि त्या पंचवीस वर्षांत त्याला पाच मीटरच्या अजगराबद्दल फारसे काही शिकायला मिळालेले नसते, कारण वजन, ताकद, भक्ष्य पकडण्याचा आवेग आणि रोजची साफसफाई या बाबतीत ते वेगळेच काम आहे.

म्हणून आधी स्वतःला विचारा की 'मोठा' या शब्दातून तुम्हाला नेमके काय हवे आहे. हातावर घेतल्यावर जाणवणारे वजन हवे आहे? संथ, सावकाश हालचाल पाहण्याचा आनंद हवा आहे? खोलीत शिरल्याबरोबर नजरेत भरेल असा प्राणी हवा आहे? की इतरांकडे नाही ते आपल्याकडे असावे, ही इच्छा आहे? शेवटची इच्छाही माणसासारखीच आहे, तिच्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. फक्त तिच्या जोरावर पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचा निर्णय घेऊ नका. पहिल्या तिन्ही इच्छा दोन मीटरच्या सापाने पुऱ्या होतात, असे माझे ठाम मत आहे, आणि त्याचे कारण साध्या गणितात आहे. शरीराची ठेवण तीच ठेवून लांबी दुप्पट झाली, तर जाडीही दोन्ही बाजूंनी दुप्पट होते आणि वजन आठपट होते. त्यात बोआ आणि अजगर हे कॉर्न स्नेकपेक्षा मुळातच जाड बांध्याचे असतात. तुमची मादी पूर्ण वाढलेली असली तरी तिचे वजन बहुधा एक किलोच्या आतच असेल. पावणेदोन-दोन मीटरचा बोआ तिच्या कितीतरी पट भरतो. तो दोन्ही हातांवर विसावतो तेव्हा त्याला अर्धवट म्हणावेसे कोणालाही वाटत नाही. त्याला 'अर्धवट मोठा' म्हणण्याआधी एकदा पूर्ण वाढलेला बोआ हातात घेऊन पाहा. छायाचित्रांतून वजन कळत नाही.

आता तुम्ही पाहून ठेवलेल्या पिलाकडे वळू. रेटिक्युलेटेड अजगर ही जगातील सर्वांत लांब सापाची जाती आहे. तिच्या माद्या पाच-सहा मीटरपर्यंत पोहोचतात. 2011 साली अमेरिकेत मोजलेल्या 'मेड्युसा' नावाच्या मादीची लांबी 7.67 मीटर भरली आणि पाळलेल्या सापांतील सर्वांत लांब म्हणून तिची नोंद गिनीज बुकात झाली. 'ड्वार्फ' वंश ही थाप नाही, हेही सांगायला हवे. इंडोनेशियातील सुलावेसीच्या दक्षिणेला असलेल्या तानाहजाम्पेआ, कालाओतोआ अशा छोट्या बेटांवरचे याच जातीचे अजगर खरोखरच कमी वाढतात. अडचण अशी की पैदाशीत या बेटांवरच्या अजगरांचा मोठ्या वाढीच्या अजगरांशी वारंवार संकर केला जातो, आणि मग पिलाच्या अंगात लहान वंशाचा वाटा किती आहे हे फक्त पैदास करणाऱ्याच्या वहीतच राहते. त्यातही मिश्र वंशाची भावंडे सारखीच वाढतील याची खात्री नसते. 'फार वाढणार नाही' हे वाक्य म्हणून अपुरे आहे. दोन्ही पालक प्रत्यक्ष दाखवा, त्यांची वये, लांबी आणि वजने सांगा, आणि याच जोडीची आधीची पिल्ले तीन-चार वर्षांनी किती वाढली ते दाखवा, अशी विनंती करा. प्रामाणिक ब्रीडरला या प्रश्नांचा राग येत नाही. उत्तर टाळले गेले, तर हे पिल्लू पूर्ण आकाराचे होणार असे धरून चाला. आणि सगळी उत्तरे समाधानकारक आली, तरी अशा संकरातून आलेला 'लहान' अजगर तीन मीटरच्या घरात जाऊ शकतो, हे विसरू नका.

पिलापासून वाढवले की तो माणसाळेल, या विश्वासाबद्दल मला जास्त सावधपणे लिहावेसे वाटते, कारण त्यात थोडे तथ्य आहे आणि तेवढ्या तथ्यामुळेच माणसे गाफील राहतात. नियमित, शांत हाताळणीने साप सरावतो. तुमच्या हाताचा स्पर्श म्हणजे धोका नाही, हे तो शिकतो. पण कुत्र्याला जशी मालकाविषयी बांधिलकी वाटते तशी सापाला वाटते, असे मानायला आधार नाही. रेटिक्युलेटेड अजगर तल्लख आणि चौकस असतात, त्यामुळेच अनुभवी पाळणाऱ्यांना ते मोहात पाडतात. आणि त्याच चपळाईने ते भक्ष्यावर झेपावतात. पाळलेल्या मोठ्या सापांच्या चाव्यांमागे बहुतेक वेळा वैर नसते. पेटीचे दार उघडले, हाताला उंदराचा वास होता, समोर काहीतरी ऊबदार हलले, म्हणून सापाने त्याच्या स्वभावाप्रमाणे ते पकडले, इतकेच घडलेले असते. कॉर्न स्नेकने अशी गल्लत केली तर हातावर चार ओरखडे येतात. चार मीटरच्या अजगराने केली तर तो पकडून विळखा घालतो.

विळख्याबद्दल पूर्वी असे मानत की भक्ष्य श्वास कोंडून मरते. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या बोआवरच्या एका प्रयोगात असे दिसले की विळखा घातल्यावर काही सेकंदांतच भक्ष्याचा रक्तदाब कोसळतो आणि रक्ताभिसरणच खुंटते. माणूस उंदरापेक्षा फार मोठा आहे, हे खरे. पण अजगरही तितकाच मोठा असेल, तर सुटकेसाठी मिळणारा वेळ आपण समजतो त्यापेक्षा बराच कमी असू शकतो, आणि त्या वेळात ओरडून बोलावल्यावर येणारे दुसरे माणूस घरात असावे लागते. मोठे साप सांभाळणाऱ्यांत एक जुना नियम आहे: दीड मीटर लांबीमागे एक समर्थ प्रौढ माणूस, आणि अडीच-तीन मीटरच्या पुढचा साप कधीही एकट्याने उघडायचा नाही. तुमच्या घरात सापाला हात लावणारे माणूस एकच आहे. पत्नीने नकार स्पष्टपणे सांगितला, हे उत्तम झाले. तो नकार बदलायचा प्रयत्न करू नका आणि 'नंतर सवय होईल' असेही धरू नका. माझ्या मते या एका वस्तुस्थितीने तुमच्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ ठरवून टाकले आहे. घरात मदतीला किती हात आहेत, त्यावर तुमच्या सापाची कमाल लांबी ठरते, आणि तुमच्या बाबतीत ती दोन, फार तर सव्वादोन मीटर आहे.

मुलाचा विचार इथेच करावा लागेल. 2013 साली कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या कॅम्पबेल्टन या गावी एका सदनिकेत ठेवलेला चार मीटरहून लांब आफ्रिकन रॉक पायथन रात्री आपल्या बंदिस्त जागेतून हवा खेळण्याच्या मार्गात शिरला, तिथून छतातून खाली उतरला आणि झोपलेल्या दोन लहान भावांचा जीव गेला. अशा घटना अत्यंत विरळ आहेत आणि मी ती तुम्हाला घाबरवण्यासाठी सांगत नाही. त्या सापाला दार उघडावे लागले नाही, एक दुर्लक्षित मार्ग पुरेसा झाला, हे लक्षात राहावे म्हणून सांगतो. तुम्ही महिन्यातले काही दिवस घरी नसता. त्या दिवसांत कुलूप, थर्मोस्टॅट आणि पाण्याचे भांडे यांची जबाबदारी सापाला हात न लावणाऱ्या व्यक्तीवर येणार आहे. कॉर्न स्नेक आठवडाभर फक्त पाण्यावर निभावून नेतो आणि निसटला तरी कोणाला इजा करत नाही. मोठ्या अजगराच्या बाबतीत पहिली गोष्ट खरी असली, तरी दुसरी नाही.

'खाणे बेताचे ठेवून आकार आटोक्यात' या हिशेबाचे दोन भाग करावे लागतील. बेताने खाऊ घालणे चांगलेच आहे. पिलांना भराभर खाऊ घालून फुगवण्याची पद्धत त्यांना स्थूल करते आणि त्यांच्या यकृतावर व हृदयावर ताण आणते. बोआ तर सावकाश वाढवलेलाच बरा. पण वाढ रोखण्यासाठी उपाशी ठेवणे म्हणजे कुपोषण, आणि त्यातून खुरटलेला, अशक्त आणि कायम भक्ष्याच्या शोधात असलेला साप तयार होतो. म्हणजे ज्या आवेगाची भीती आहे तोच वाढतो. पेटी लहान ठेवली की साप लहान राहतो, ही समजूतही अनेक वर्षे फिरते आहे. पेटी साप वाढू देत नाही असे होत नाही. वाढलेला साप त्या पेटीत कोंबला जातो.

दोन्ही साप एकत्र ठेवण्याचा विचार मात्र आजच सोडून द्या. इथे मला दुसरी बाजू दिसतच नाही. साप एकमेकांच्या सोबतीसाठी जगत नाहीत. एका पेटीत दोघे आले की उबेच्या जागेवरून, लपण्याच्या जागेवरून आणि भक्ष्यावरून मूक चढाओढ सुरू होते, आणि त्यात नेहमी लहान प्राणी हरतो. तुमच्या मादीला पेटीच्या उबदार बाजूला साधारण 29-30 अंश सेल्सिअस आणि मध्यम आर्द्रता पुरते. बोआला 31 ते 33 अंशांची ऊब आणि साठ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते. एकाला सोयीचे केले की दुसऱ्याला गैरसोयीचे होते. त्याहून गंभीर बाब रोगांची आहे. 'क्रिप्टोस्पोरिडियम' हा परजीवी कॉर्न स्नेकना जडला की ते खाल्लेले ओकतात, हळूहळू झिजतात, आणि त्यावर खात्रीचा इलाज नाही. अजगरांमध्ये श्वसनाचे गंभीर आजार घडवणारे निडोव्हायरस 2014 साली ओळखले गेले. बोआंमध्ये 'इन्क्लूजन बॉडी डिसीज' नावाचा आजार असतो. त्यामागचे एरिनाव्हायरस 2012 साली सापडले, आणि लागण झालेला बोआ कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षे निरोगी दिसत राहू शकतो. शिवाय माइट म्हणजे सापांच्या अंगावरचे बारीक रक्तपिपासू परजीवी असतात. ते एका पेटीतून दुसऱ्या पेटीत सहज पोहोचतात. नवा साप कितीही विश्वासू माणसाकडून घेतला, तरी किमान तीन महिने, जमल्यास सहा महिने, वेगळ्या खोलीत ठेवा. त्याचे चिमटे, पाण्याचे भांडे आणि साफसफाईचे साहित्य वेगळे ठेवा. रोज आधी जुन्या मादीचे काम करा, मग नव्याचे, आणि त्यानंतर हात स्वच्छ धुवा. या काळात विष्ठेची तपासणी आणि, बोआ असेल तर, रक्ताची चाचणी सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडून करून घ्या. घराजवळ असा पशुवैद्य आहे का, हे तर साप घेण्याआधीच शोधायला हवे. दोन पेट्यांना जागा नसेल, तर याचा अर्थ दुसऱ्या सापालाच जागा नाही.

मग घ्यावे काय? तुमच्या परिस्थितीत मी तीन जातींचा विचार करेन. पहिला 'बोआ इम्पेरेटर', म्हणजे मध्य अमेरिकेकडचा सर्वसामान्य बोआ. याचे नर साधारण दीड ते पावणेदोन मीटरवर थांबतात, माद्या दोन मीटर ओलांडतात. म्हणून नरच घ्या, आणि तो नर आहे याची खात्री अनुभवी माणसाकडून करून घ्या. स्वभाव बहुधा शांत, हालचाल संथ, शरीर भरदार. पूर्ण वाढलेल्या सापाला दोन ते चार आठवड्यांनी एक योग्य आकाराचा उंदीर पुरतो. होंडुरासजवळच्या काही बेटांवरचे बोआ तर याहूनही लहान राहतात. दुसरा कार्पेट पायथन, ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीकडचा. तो बोआपेक्षा सडपातळ आणि चपळ आहे, फांद्यांवर चढून बसायला त्याला आवडते, आणि उंच पेटीत तो इतका देखणा दिसतो की मला स्वतःला पाहण्यासाठी साप निवडायचा असता तर मी हाच निवडला असता. त्याची पिल्ले चावरी असतात; बहुतेक मोठेपणी निवळतात. 'जॅग्वार' या नावाने विकला जाणारा त्याचा रंगप्रकार मात्र घेऊ नका, कारण त्या रंगाबरोबर डोके डगमगणे, तोल जाणे असे मज्जासंस्थेचे दोष येतात. तिसरा बुल स्नेक. तो तुमच्या मादीच्याच कुळातला आहे आणि त्याची उबेची गरजही तिच्यासारखीच आहे. तो दिवसा जागा असतो, दीड-पावणेदोन मीटर वाढतो, आणि त्याचा फुत्कार खोलीभर घुमतो. वजनदार साप हवा असेल तर याने समाधान होणार नाही. सतत फिरताना दिसणारा साप हवा असेल तर नक्की होईल.

बर्मी अजगर शांत असतो, मग तो का नको, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. शांत असतो, हे खरेच आहे. पण हाताच्या पंजापेक्षा थोडे लांब दिसणारे, गुंडाळून बसलेले पिल्लू काही वर्षांतच तीन मीटर ओलांडते, माद्या पाच मीटरपर्यंत जातात, आणि अशा सापाला उंदरांऐवजी ससे लागतात, पेटीऐवजी खोली लागते. शांत स्वभावाचे साप पुढे अनाथ होतात, कारण सोपे वाटले म्हणून ते घेतले जातात. अमेरिकेतील दक्षिण फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स दलदलीत आज बर्मी अजगर मोठ्या संख्येने जंगली जीवन जगतात. पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून निसटलेल्या आणि सोडून दिलेल्या सापांपासून ही वसाहत उभी राहिली. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथे रॅकून दिसण्याचे प्रमाण 99 टक्क्यांहून अधिक घटल्याचे आढळले. त्याच वर्षी त्या देशाने बर्मी अजगरासह चार जातींच्या आयातीवर बंदी घातली आणि 2015 साली त्या यादीत रेटिक्युलेटेड अजगराची भर पडली. 'मोठा झाला तर कोणालातरी देईन' असे प्रत्येक जण म्हणतो. पण पाच मीटरचा अजगर घ्यायला प्राणीसंग्रहालये सहसा तयार नसतात, आणि पुनर्वसन करणारी माणसे आधीच अशा सापांनी घेरलेली असतात.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. बोआ आणि अजगर या दोन्ही कुळांतल्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'साइट्स' कराराच्या याद्यांमध्ये आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी स्थानिक वन्य साप पाळणे हा गुन्हा आहे. परदेशी जातींसाठीही अनेकदा परवाना किंवा नोंदणी लागते. तुम्ही राहता तिथला नियम आणि घर भाड्याचे असेल तर करारातली अट, दोन्ही लेखी स्वरूपात पाहून घ्या. जंगलातून पकडलेला साप कितीही स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. जन्मापासून बंदिवासात वाढलेलाच घ्या, आणि त्याचे कागद मागा.

तुमच्यासारख्यांना मी आणखी एक मार्ग सुचवतो: पिल्लू घेऊच नका, पूर्ण वाढलेला साप घ्या. पिलाच्या बाबतीत आकार, स्वभाव आणि भूक या तिन्ही गोष्टी अंदाजाच्या असतात; सहा-सात वर्षांच्या नर बोआच्या बाबतीत त्या तुमच्या डोळ्यांसमोर असतात. घर बदलणे, परदेशी जाणे, कुटुंबात अडचण येणे अशा कारणांनी सोडाव्या लागलेल्या प्रौढ बोआंना चांगले घर मिळणे अवघड जाते. अशा सापाला दोन-तीनदा वेगवेगळ्या वेळी भेटा, मालकासमोर हाताळा, शक्य असेल तर तो खाताना पाहा. त्याला वाढताना पाहण्याचा आनंद तुम्हाला मिळणार नाही, हे मान्य. पण आयुष्य अजून बरेच शिल्लक असते: बोआ वीस-तीस वर्षे जगतात, आणि सेंट लुईसच्या प्राणीसंग्रहालयातील एका बॉल पायथन मादीने तर साठी उलटल्यानंतर, 2020 साली, अंडी घातली. तुमचा मुलगा आज चार वर्षांचा आहे. नवा साप पंचवीस वर्षे जगला तर त्या वेळी मुलगा एकोणतीस वर्षांचा असेल. तेव्हा तुम्ही कोणत्या घरात, कोणत्या नोकरीत असाल, याचा विचार पत्नीबरोबर बसून करा.

कोणताही साप ठरला, तरी पेटी आधी आणि साप नंतर, हा क्रम मोडू नका. सापाला पूर्ण सरळ होता यावे इतकी लांब पेटी असावी. नर बोआसाठी 180 सेंटिमीटर लांब, 60 रुंद आणि 60 उंच हे मी किमान माप मानतो. आत चढायला एखादी जाड फांदी आणि दोन्ही टोकांना लपायच्या जागा हव्यात. दाराला किल्लीचे कुलूप लावा आणि किल्ली मुलाच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. हवेची भोके जाळीने पक्की बंद केलेली असावीत. वर सांगितलेली घटना आठवून त्या खोलीचेही सगळे मार्ग एकदा बॅटरी घेऊन तपासा. प्रत्येक उष्णता-साधनाला थर्मोस्टॅट हवा आणि ते साधन सापाच्या अंगाला टेकणार नाही अशा जाळीआड हवे, कारण तापलेल्या पृष्ठभागावर साप भाजेपर्यंत पडून राहू शकतो. पेटी महिनाभर रिकामी चालवा आणि तापमान लिहीत जा. वीज जाते तेव्हा काय करायचे, हेही याच महिन्यात ठरवा.

खाऊ घालताना आधी मारलेले, गोठवून ठेवलेले आणि पूर्ण वितळवून कोमट केलेले भक्ष्यच लांब चिमट्याने द्या. जिवंत उंदीर सापाचे डोळे आणि पाठ कुरतडू शकतो. भक्ष्याची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाइतकी असली तरी पुरे. खाल्ल्यानंतर किमान दोन दिवस, मोठे भक्ष्य असेल तर त्याहून अधिक, त्याला उचलू नका. हाताळण्यासाठी दार उघडाल तेव्हा आधी हूकने, म्हणजे साप उचलायच्या आकडीच्या काठीने, अंगाला हलका स्पर्श करा. काही आठवड्यांत हूकचा स्पर्श म्हणजे जेवण नाही, हे सापाला कळते, आणि ही सवय तुम्ही आजच तुमच्या मादीवर करून पाहू शकता. साप गळ्याभोवती घेऊ नका, छायाचित्रासाठीही नाही. कधी त्याने हाताला घट्ट वेढलेच, तर ओढाताण न करता शेपटीच्या टोकाकडून एकेक वेढा सोडवत या.

मुलाबद्दल एक गोष्ट नव्या सापाची वाट न पाहता अमलात आणावी लागेल. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर आणि विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना त्यांचा त्रास गंभीर होऊ शकतो. म्हणून मुलाने सध्याच्या सापालाही हात लावू नये, सापाची भांडी स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये धुऊ नयेत, आणि साप हाताळल्यावर तुम्ही साबणाने हात धुतल्याशिवाय मुलाला उचलू नये. मुलगा लांबून पाहू शकतो, प्रश्न विचारू शकतो, पाण्याचे भांडे रिकामे झाले की तुम्हाला सांगू शकतो. एवढ्यानेही त्याला पुष्कळ शिकायला मिळेल.

आणि काय शिकायला हवे, या तुमच्या प्रश्नाबद्दल: मोठे साप सांभाळणारा एखादा जबाबदार माणूस गाठा आणि काही महिने त्याचे मदतनीस व्हा. साप हातात घेऊन पाहण्यापेक्षा कामाचा आग्रह धरा. तीन-चार मीटरच्या अजगराची पेटी रिकामी करून धुणे, त्याला पशुवैद्याकडे नेण्यासाठी दोघांनी उचलून खोक्यात घालणे, खाऊ घालताना त्याची झेप जवळून पाहणे, हे अनुभवल्यावर तुम्हाला कदाचित कळेल की अशा अजगराचा सहवास तुम्हाला हवा आहे, पण त्याची मालकी नको आहे. त्या घरी दर महिन्याला जात राहणे हेही मोठ्या सापांवर प्रेम करण्याचे एक पूर्ण रूप आहे. आणि तिथे काम करूनही इच्छा टिकलीच, तर मुलगा मोठा झाल्यावर, घरात दुसरे तयार माणूस असताना आणि स्वतंत्र खोली हाताशी असताना हा प्रश्न पुन्हा विचारात घ्या.

ब्रीडरला पंधरा दिवस थांबवू नका. हे पिल्लू घेत नाही, असे त्याला या आठवड्यातच कळवा, म्हणजे त्याला योग्य जागा असलेला दुसरा कोणी शोधता येईल. आणि त्याच निरोपात, कोणाला प्रौढ नर बोआ चांगल्या घरी द्यायचा आहे का, हेही त्याला विचारून ठेवा.